काय मोजायचं, कुणाला विचारून: व्यवसायोपचार सेवा सुधारणा प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी

आमच्या व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) विभागाचा, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या विभागाचा, सेवा सुधारणा प्रकल्प आज रीतसर सुरू झाला. मंजूर आराखड्यात प्रश्न लांबलचक भाषेत मांडलेला आहे. सगळ्यांच्या सोयीसाठी तो इथे साधा करून ठेवते: आमच्याकडे उपचार पूर्ण करून घरी जाणाऱ्या माणसाच्या रोजच्या जगण्यात नेमकं काय बदलतं, आणि ते बदललं की नाही हे आम्हाला कळतं का?

हा प्रश्न आमच्यापुरता नाही. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स आणि जेम्स लिंड अलायन्स यांनी रुग्ण, घरचे लोक आणि थेरपिस्ट अशा सगळ्यांकडून प्रश्न मागवून संशोधनाचा प्राधान्यक्रम ठरवला, तेव्हा यादीत सर्वांत वर हाच प्रश्न आला. व्यवसायोपचाराने रोजच्या आयुष्यात काय फरक पडतो आणि तो किती काळ टिकतो, हे लोकांना जाणून घ्यायचं होतं. १९१७ साली या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संघटना अमेरिकेत स्थापन झाली. शंभर वर्षं उलटल्यावरही हा प्रश्न यादीत पहिला येतो, याचा अर्थ तो सुटायला हवा तितका सुटलेला नाही.

पहिलं काम जुन्या, बंद झालेल्या फाइली वाचण्याचं. पक्षाघात, पार्किन्सन्स आणि हाताच्या दुखापती एवढ्याच घेतल्या. मुलांचा विभाग सध्या बाहेर ठेवला आहे.

११ जानेवारी

फाइली वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते आहे. पहिल्या पानावर तक्रार रुग्णाच्या शब्दांत असते: ‘शर्टाची बटणं लागत नाहीत’, ‘सही जमत नाही’, ‘नातवाला उचलून घेता येत नाही’. पुढच्या पानावर उद्दिष्टं लिहिली जातात ती अशी: खांद्याची हालचाल वाढवणे, पकडीची ताकद सुधारणे, स्नायूंचा ताठरपणा कमी करणे. शेवटच्या पानावर कोनमापकाचे अंश आणि पकड मोजण्याच्या यंत्रावरचे किलो. बटणं लागली का, सही जमली का, नातू उचलला का, याबद्दल शेवटचं पान बहुतेक वेळा काहीच सांगत नाही.

थेरपिस्टनी बटणांवर काम केलं नाही, असं मुळीच नाही. उपचाराच्या रोजच्या नोंदींत बटणांचा सराव आहे, एका हाताने कपडे घालायची पद्धत शिकवल्याचं आहे. काम झालं, पण त्याचा हिशेब फाइलीत दुसऱ्याच गोष्टींचा मांडला गेला. विभागप्रमुख मॅडमना ही पानं दाखवली. त्या म्हणाल्या, “डॉक्टरांना अंश आणि किलो समजतात, म्हणून आम्ही तेच लिहीत आलो.” कारण प्रामाणिक आहे. आमच्या प्रकल्पाला सुरुवात इथूनच करावी लागणार.

१९ जानेवारी

मोजमापाचं साधन कोणतं, यावर सकाळभर बैठक.

बार्थेल निर्देशांक १९६५ पासून वापरात आहे. जेवण, अंघोळ, कपडे, जिना अशा १० बाबी, ० ते १०० गुण. भरायला सोपा, सगळ्यांना माहीत. अडचण अशी की घरातल्या घरात स्वतःचं आवरू शकणाऱ्या माणसाला १०० पडतात आणि तिथे मोजणं थांबतं. तो माणूस पुन्हा कामावर जाऊ शकतो का, बस पकडू शकतो का, हे १०० या आकड्यात कुठेच नाही. एफआयएम, म्हणजे फंक्शनल इंडिपेंडन्स मेजर, यात १८ बाबी आणि प्रत्येकीला १ ते ७ गुण. बारकावे जास्त आहेत, पण यादी तिथेही आधीच ठरलेली.

तिसरा पर्याय कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर, म्हणजे सीओपीएम, १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेलं. यात यादी नसते, मुलाखत असते. स्वतःची काळजी, काम आणि फावला वेळ या तीन अंगांनी बोलत बोलत रुग्ण स्वतःच अडणाऱ्या गोष्टी सांगतो. प्रत्येक गोष्ट त्याच्यासाठी किती महत्त्वाची आहे याला १ ते १० गुण देतो, आणि त्यातल्या जास्तीत जास्त पाच निवडतो. मग त्या पाचांसाठी दोन वेगळे गुण: आत्ता ती किती जमते, आणि जशी जमते त्यावर तो किती समाधानी आहे. उपचारानंतर पुन्हा तेच दोन प्रश्न. साधारण दोन गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल मानावा, असं हे साधन घडवणाऱ्यांनी सुचवलं आहे.

हातांचं काम बघणाऱ्या सरांचा आक्षेप रास्त होता. “प्रत्येकाच्या पाच गोष्टी वेगळ्या. मग एकाची दुसऱ्याशी तुलना कशी करणार?” तुलना प्रत्येकाची स्वतःशीच करायची, हे उत्तर संशोधनाच्या दृष्टीने अर्धंच आहे. म्हणून ठरलं: सीओपीएम मुख्य, बार्थेल सोबतीला. अंश आणि किलो बंद करायचे नाहीत, पण शेवटचा शब्द त्यांचा नसेल.

२ फेब्रुवारी

नैतिक समितीची परवानगी आली. संमतिपत्र दोन प्रकारचं केलं आहे: एक साध्या भाषेत मोठ्या अक्षरांत, दुसरं पक्षाघातामुळे भाषेवर परिणाम झालेल्यांसाठी, चित्रं आणि एकेका छोट्या वाक्याचं. वाचादोष आहे म्हणून अशा लोकांना अभ्यासातून वगळणं सोपं असतं आणि बऱ्याच अभ्यासांत ते वगळलेही जातात. आपल्याला काय हवं हे सांगणं ज्यांना सर्वांत अवघड, त्यांनाच वगळून ‘रुग्णाला विचारा’ असं म्हणणाऱ्या प्रकल्पाला काही अर्थ उरणार नाही.

१५ फेब्रुवारी

वाचनगटात आज पार्किन्सन्सचे दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचले. या नोंदवहीत हा दिवस मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला नेदरलँड्समधला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. १९१ रुग्ण. एका गटाला दहा आठवडे घरी येऊन व्यवसायोपचार, दुसऱ्याला तो नाही. मुख्य मोजमाप सीओपीएम. तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांचे गुण दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १.२ ने जास्त होते. निष्कर्ष: फायदा झाला.

दुसरा ब्रिटनमधला, २०१६ चा, पीडी रिहॅब नावाचा. ७६२ रुग्ण, म्हणजे बराच मोठा. फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार दोन्ही मिळून. मुख्य मोजमाप म्हणजे दैनंदिन कामांची ठरीव यादी असलेली नॉटिंगहॅम प्रश्नावली. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. निष्कर्ष: सौम्य ते मध्यम आजारात फायदा दिसला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एक हो म्हणतो, एक नाही म्हणतो, मोठ्याचं ऐकावं. पण आतलं वाचलं की चित्र बदलतं. ब्रिटनमधल्या अभ्यासात रुग्णाला मिळालेल्या भेटींचा मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधला आकडा, होता चार, प्रत्येकी तासाभराच्या आतबाहेर, तेही आठ आठवड्यांत. चार भेटींत ओळख होते, तपासणी होते, एखादं साधन सुचवलं जातं. शिवाय ज्यांना थेरपी लागेल की नाही याबद्दल डॉक्टरांच्या मनात खात्री नव्हती, असेच रुग्ण त्यात घेतले होते. आणि मोजलं ठरीव यादीने. एखाद्याने थेरपिस्टबरोबर पाच आठवडे हस्ताक्षरावर मेहनत घेतली असेल आणि यादीत विचारलं असेल की तुम्ही स्वतः रस्ता ओलांडता का, तर त्याची मेहनत त्या कागदावर उमटणार कशी?

डच अभ्यासाकडेही तितक्याच कडक नजरेने पाहायला हवं. १.२ हा फरक दोन गुणांच्या मर्यादेखाली आहे. गुण रुग्ण स्वतः देतो आणि आपल्याला थेरपी मिळाली हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे अपेक्षेचा वाटा त्यात येऊ शकतो. आमच्यातली सर्वांत नवी थेरपिस्ट म्हणाली, “मग विश्वास कशावर ठेवायचा?” माझं मत असं की दोन्ही अभ्यास खरे आहेत. थोडक्या भेटी आणि ठरीव यादीचं मोजमाप असेल तर व्यवसायोपचार काही दाखवू शकत नाही, हे एकाने सांगितलं. माणसाने निवडलेल्या कामावर, त्याच्याच घरात, पुरेसा काळ काम केलं तर मध्यम आकाराचा बदल होतो, हे दुसऱ्याने. सेवा कशी आखावी याचं उत्तर या दोहोंच्या मधल्या अंतरात आहे.

यातून आमच्यासाठी एक काम निघालं: प्रत्येक रुग्णाला प्रत्यक्षात किती भेटी आणि किती मिनिटं मिळाली याची नोंद आजपासून. वेळापत्रकात लिहिलेली मिनिटं चालणार नाहीत.

१ मार्च

सीओपीएमच्या मुलाखतीचा सराव. आपसांत, जोड्या करून.

‘तुम्हाला काय करायचं आहे?’ असं विचारलं की समोरचा म्हणतो, ‘बरं व्हायचंय.’ त्यापुढे संवाद जातच नाही. ज्येष्ठ थेरपिस्ट ताईंनी जी पद्धत दाखवली तीच आता सगळे वापरणार: कालचा दिवस उठल्यापासून विचारायचा. उठलात कसे, कुणी हात दिला का, तोंड धुताना नळ कोणत्या हाताने सोडला, मग काय केलं, दुपारी काय केलं, काय करायचं राहून गेलं. कालच्या दिवसात अडलेल्या जागा आपोआप दिसतात. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं. थेरपिस्टला गप्प बसणं फार जड जातं, हे आज सगळ्यांच्याच लक्षात आलं. आपण पर्याय सुचवले की समोरचा त्यातलाच एक उचलतो.

जमणं आणि समाधान हे दोन गुण वेगळे का, हे सरावातल्या एका उदाहरणावरून नीट पटलं. सही जमते ७, समाधान २: अक्षर उमटतं, पण पूर्वीच्या सहीशी जुळत नाही आणि लोक संशयाने बघतात. जेवण जमतं ४, समाधान ८: हळू होतं, सांडतं, पण स्वतःच्या हाताने होतं. फक्त पहिला गुण बघणारा थेरपिस्ट जेवणावर काम करेल. रुग्णाला सहीवर हवं आहे.

२० मार्च

स्प्लिंटचा विषय. वातावरण थोडं तापलं, पण चर्चा चांगली झाली.

पक्षाघातानंतर मनगट आणि बोटं आखडू नयेत म्हणून रात्री स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार, बांधायचा, हा अनेक ठिकाणी वर्षानुवर्षांचा शिरस्ता. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ६३ जणांवर याची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. तीन गट: मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, मनगट मागे ताणून ठेवणारा स्प्लिंट आणि स्प्लिंटच नाही. चार आठवडे, रात्रभर. सांधा आखडण्यात तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

एक स्प्लिंट बनवायला थेरपिस्टचा चांगला तास जातो. मग बदल, दुरुस्ती, पट्टे. तो तास बटणांना, सहीला, स्वयंपाकघरातल्या सरावाला मिळाला तर? सेवा सुधारणं म्हणजे नवीन काहीतरी जोडणं, असं आपण गृहीत धरतो. काही गोष्टी थांबवणं हीसुद्धा सुधारणा असते आणि ती जास्त कठीण जाते, कारण रुग्णाच्या हातात काहीतरी दिल्याचं समाधान दोन्ही बाजूंना असतं.

सरांनी बजावून सांगितलं आणि ते नोंदवहीत असायलाच हवं: हा पुरावा पक्षाघातानंतरच्या नेहमीच्या, सरसकट स्प्लिंटबद्दल आहे. कंडरा शिवल्यानंतरचा, अस्थिभंगानंतरचा, भाजल्यानंतरचा स्प्लिंट हा निराळा विषय आहे, तिथे तो काढून टाकला तर इजा होईल. ठरलं ते असं: पक्षाघातात स्प्लिंट द्यायचा असेल तर तो कोणत्या कामासाठी आणि किती दिवसांसाठी, हे लिहूनच द्यायचा. कारण लिहिता आलं नाही तर द्यायचा नाही.

५ एप्रिल

एका रुग्णाच्या मुलाखतीत पेच. घरच्यांना वाटतं, काकांनी स्वतः अंघोळ करायला शिकावं. काकांना अंघोळीला मदत घेण्यात काही कमीपणा वाटत नाही. त्यांचं म्हणणं, अंघोळीत सगळी शक्ती संपली की दिवसभर पडून राहावं लागतं. त्यांना ती शक्ती संध्याकाळी मित्रांबरोबर तासभर बसायला वापरायची आहे.

आमच्या शिक्षणात स्वावलंबन हे सर्वांत वरचं मूल्य म्हणून शिकवलं जातं. इथे रुग्ण मुद्दाम मदत घेऊन दुसरी गोष्ट मिळवू पाहतो आहे, आणि ऊर्जा कुठे खर्च करावी हे ठरवण्याचा हक्क त्याचाच आहे. पण अंघोळ घालणाऱ्या काकूंची पाठ दुखते, हेही तितकंच खरं. शेवटी दोघांना वेगळं बसवून विचारलं. काकूंचीही एक बाब फाइलीत घेतली: अंघोळ घालताना वाकावं लागू नये. अंघोळीची उंच खुर्ची आणि हाताचा शॉवर एवढ्यावर ते काम निभेल. काकांचं उद्दिष्ट संध्याकाळचंच राहिलं. यापुढे काळजी घेणाऱ्याचा प्रश्न रुग्णाच्या उद्दिष्टात मिसळायचा नाही, त्याला स्वतंत्र ओळ द्यायची. अर्जात तशी जागा केली.

१८ एप्रिल

सहायक साधनं. १९९३ मधला फिलिप्स आणि झाओ यांचा अभ्यास जुना असला तरी आजही वाचावा असा आहे. त्यांनी २२७ प्रौढांना त्यांच्या साधनांबद्दल विचारलं. २९.३ टक्के साधनं पूर्णपणे सोडून दिलेली होती. सोडण्याशी जोडलेल्या चार गोष्टी: निवडताना वापरणाऱ्याचं मत न घेणं, साधन फार सहज मिळणं, साधन नीट काम न करणं, आणि माणसाची गरज बदलणं.

या चौघींतल्या पहिलीवर आमचा पूर्ण ताबा आहे. मोज्याचं साधन, लांब दांड्याचा स्पंज, उंच कमोड सीट, बरणी उघडायची पकड, हे सगळं आम्ही विभागात दाखवतो, रुग्ण एकदा वापरून दाखवतो, आम्ही खूण करतो. घरच्या कमोडचा आकार वेगळा असतो. नळ दुसऱ्या बाजूला असतो. आता दोन बदल: साधन आधी काही दिवस वापरायला द्यायचं आणि मगच कायमचं; आणि दिल्यानंतर काही आठवड्यांनी फोन. फोनवर ‘वापरता का?’ असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. ‘शेवटचं कधी वापरलं, आणि आत्ता ते कुठे ठेवलेलं आहे?’ असं विचारायचं. पहिल्या काही फोनमध्येच कपाटाच्या वरचा कप्पा आणि पलंगाखालची जागा ही उत्तरं आली. ती साधनं परत मागवून दुसऱ्यांना दिली, आणि संबंधित रुग्णांची गरज नव्याने विचारली.

१० मे

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी आम्ही घरभेटींचा कार्यक्रम सुरू करावा का, असा प्रस्ताव आला होता. त्यासाठी तीन अभ्यास वाचले. एकाच कार्यक्रमाची ही साखळी आहे आणि सेवा आखणाऱ्या प्रत्येकाने ती पाहायला हवी.

२००६, नेदरलँड्स: १३५ रुग्ण आणि त्यांचे काळजीवाहक, पाच आठवड्यांत दहा भेटी. रोजची कामं करण्याचं कौशल्य आणि काळजीवाहकाचा आत्मविश्वास, दोन्हींत ठळक सुधारणा. २०११, जर्मनी: तोच दहा भेटींचा कार्यक्रम, तुलनेला एकच सल्ल्याची भेट. दोन्हींत फरक नाही. २०२१, ब्रिटन: कार्यक्रम तिथल्या परिस्थितीला जुळवून घेतलेला, ४६८ जोड्या, तुलनेला नेहमीची सेवा. पुन्हा फरक नाही.

असं का व्हावं? पहिल्या ठिकाणी कार्यक्रम घडवणारी माणसंच जवळ होती, थेरपिस्ट त्यात मुरलेले होते. दुसरीकडे तोच कार्यक्रम नव्या हातांत गेला. तुलनेच्या गटाला काय मिळालं, हेही महत्त्वाचं: जर्मनीत त्या एका भेटीत चांगला सल्ला मिळत असेल तर फरक दिसायला जागाच कमी. मला यातून निराशा वाटत नाही. उपचाराचं नाव आणि भेटींची संख्या एका देशातून दुसऱ्या देशात पोचली. उपचार करणाऱ्याच्या हातातलं कसब तसंच पोचलं का, हे कागदावरून सांगता येत नाही, एवढं यातून शिकायचं.

यावरचा एक उपाय टायडियर नावाची तपासयादी, २०१४ ची. उपचाराचं वर्णन करताना नोंदवायच्या १२ बाबी त्यात आहेत: कशासाठी, कोणत्या साहित्याने, कुणी, कुठे, किती वेळा, व्यक्तीनुसार काय बदललं, ठरवल्याप्रमाणे प्रत्यक्ष झालं का. ही यादी करणाऱ्या गटाचं नेतृत्व एका व्यवसायोपचार तज्ज्ञेने केलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आमच्या पक्षाघाताच्या उपचाराचं वर्णन त्या बारा ओळींत लिहायला घेतलं. ‘व्यक्तीनुसार काय बदलतं’ या ओळीवर अख्खी दुपार गेली, कारण प्रत्येक थेरपिस्ट मनातल्या मनात काही नियम पाळत असते आणि ते कुणी कधी लिहून ठेवलेले नसतात. थकवा दिसला की काम तोडून द्यायचं, कधी? रुग्ण चुकला की लगेच सांगायचं, की त्याला स्वतः पकडू द्यायचं? हे लिहिलं गेलं तरच पुढच्या थेरपिस्टला ते मिळेल.

प्रस्ताव तूर्त थांबवला. आधी प्रशिक्षण कसं होणार ते ठरू दे.

३० मे

प्रतीक्षायादी. पहिल्या भेटीला लागणारे दिवस दर आठवड्याला एका आलेखावर मांडतोय, मधून मध्यकाची रेघ. नियम साधा: सलग सहा किंवा जास्त बिंदू रेघेच्या एकाच बाजूला आले, तर खरोखर काहीतरी बदललं समजायचं. एखादा आठवडा चांगला गेला म्हणून खूश व्हायचं नाही, वाईट गेला म्हणून घाबरायचं नाही.

सध्याचा प्रयोग: रुग्णाला आमच्याकडे पाठवल्याची चिठ्ठी आली की थेरपिस्टने त्याच आठवड्यात त्याला फोन करायचा आणि काय अडतंय ते विचारायचं. गिळताना ठसका लागतो, पडायची भीती आहे, एकटंच राहावं लागतं, असं काही असेल तर यादीत वरचा क्रमांक. एका दिशेने बिंदू सरकतायत, पण सहा झालेले नाहीत.

२१ जून

मुलांच्या विभागातल्या ताई वाचनगटाला येऊ लागल्या आहेत. त्यांनी को-ऑप पद्धत समजावली: हालचालींच्या समन्वयात अडचण असलेलं मूल स्वतः ध्येय निवडतं, मग ध्येय, योजना, कृती, तपासणी या क्रमाने स्वतःच मार्ग शोधतं. थेरपिस्ट उत्तर देत नाही, प्रश्न विचारते. ‘सायकल पडली तेव्हा तू कुठे बघत होतास?’ आठ-नऊ वर्षांचं मूल स्वतःचं ध्येय सांगू शकतं, तर आमच्या प्रौढ विभागात ध्येय आम्ही लिहून का देत होतो, असा प्रश्न आमच्या नव्या थेरपिस्टने विचारला. पक्षाघात झालेल्या प्रौढांसोबतही ही पद्धत वापरली जाते. दोघी ताई पुढच्या महिन्यापासून ती वापरून बघणार.

५ जुलै

सीओपीएमचा आकडा ज्यांना देता येत नाही त्यांचं काय? १ ते १० ही कल्पनाच न पेलणारे, आणि ‘मला काहीच अडचण नाही’ असं मनापासून म्हणणारे. मेंदूच्या इजेनंतर आपली उणीव न जाणवणं हे आजाराचंच लक्षण असू शकतं.

यांच्यासाठी गोल अटेनमेंट स्केलिंग घेतलं. किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये ते मानसिक आरोग्य सेवांसाठी मांडलं. उपचारापूर्वीच पाच पायऱ्या लिहायच्या: अपेक्षित परिणाम ०, त्याहून थोडा चांगला +१, खूप चांगला +२, कमी −१, खूप कमी −२. पायरी दुसऱ्या कुणालाही बघून ओळखता आली पाहिजे. ‘कपडे घालण्यात सुधारणा’ ही पायरी नव्हे. ‘पलंगावर बसून, समोर मांडून ठेवलेला सदरा तोंडी आठवण न करता घालतो’ ही पायरी. खबरदारी एकच: अपेक्षा ठरवणारी थेरपिस्टच असल्याने सोपी उद्दिष्टं लिहून सगळ्यांना +१ देता येतं. म्हणून पायऱ्या दुसऱ्या थेरपिस्टने वाचून मान्य केल्याशिवाय उपचार सुरू करायचा नाही.

२६ जुलै

उपचारानंतरचे सीओपीएम गुण येऊ लागले. गुण घेणारी व्यक्ती उपचार करणारी नसावी हे आधीच ठरवलं होतं आणि ते किती गरजेचं होतं हे आता दिसतं. एका आजींनी बाहेरच्या मुलाखतकाराला ५ सांगितले आणि जाताना आपल्या थेरपिस्टला म्हणाल्या, “तू विचारलं असतंस तर मी दहा दिले असते गं, एवढी मेहनत घेतलीस.”

दुसरा प्रकार जास्त अवघड. काहींचे गुण कमी झाले, तरी काम आधीपेक्षा चांगलं होतं. एक काका सुरुवातीला रुग्णालयातून नुकतेच आलेले होते, चालण्याला ६ दिले. आता ते बाहेर पडतात, रस्त्याचा उंचसखलपणा, गर्दी, वेग सगळं अंगावर येतं, तर म्हणतात ४. त्यांची मोजपट्टीच बदलली. हे गुण आम्ही वगळणार नाही. शेजारी एक ओळ लिहून घेतोय: ‘तेव्हा हा आकडा देताना तुमच्या डोळ्यांसमोर काय होतं?’

पक्षाघातानंतर बाहेर पडण्याबद्दलच्या दोन ब्रिटिश चाचण्या इथे आठवल्या. २००४ मध्ये १६८ जणांत घरी येऊन बाहेर जाण्याचा सराव देणारा व्यवसायोपचार उपयोगी ठरला, लोक मनासारखे बाहेर पडू लागले. २०१४ च्या ५६८ जणांच्या चाचणीत मुख्य मोजमाप सामाजिक जीवनाच्या गुणवत्तेचं होतं, त्यात फरक आला नाही, पण उपचार मिळालेल्यांचे प्रवास मात्र वाढले. जो माणूस जास्त वेळा घराबाहेर पडतो त्याला त्या प्रश्नावलीत जास्त गुण का पडले नाहीत, याचं एक संभाव्य उत्तर मला काकांच्या ६ आणि ४ मध्ये दिसतं.

१६ ऑगस्ट

पहिला टप्पा संपला. काय ठेवायचं यावर फारसा वाद झाला नाही: सीओपीएमची मुलाखत, काळजीवाहकाची स्वतंत्र ओळ, साधनांचा फोन, स्प्लिंटचं लेखी कारण. प्रतीक्षेच्या आलेखावर सलग सहा बिंदू मध्यकाखाली आले, त्यामुळे पहिला फोनही कायम. बार्थेल पहिल्या भेटीला ठेवायचं, नंतर फक्त गरज असेल तिथे.

वाद झाला तो गटउपचारांवर. गर्दीच्या दिवशी रुग्णांना एकत्र बसवून हातांचे खेळ, हस्तकला असा तासभर कार्यक्रम असतो. लोकांना तो आवडतो. मी १९९७ मधला लॉस एंजेलिसचा अभ्यास पुढे ठेवला: स्वतंत्र राहणारे ३६१ वृद्ध, तीन गट. एकाला नऊ महिने व्यवसायोपचार, प्रत्येकाच्या स्वतःच्या दिनक्रमाचा विचार करून. दुसऱ्याला फक्त सामाजिक कार्यक्रम. तिसऱ्याला काही नाही. पहिल्या गटाला आरोग्य आणि जीवनमानात फायदा झाला. दुसरा गट तिसऱ्यापेक्षा वरचढ ठरला नाही. माणसांना नुसतं गुंतवून ठेवून ते साधत नाही. हाही उपचार बराचसा गटातच दिला गेला होता, म्हणून गट बंद करायची गरज नाही. गटात बसलेल्या प्रत्येकासमोर त्याच्या पाचांपैकी एक गोष्ट असली पाहिजे. मॅडमनी दोन महिन्यांचा अवधी दिला आहे.

पुढच्या टप्प्यात तुलना हवी, त्याशिवाय हा बदल आमच्या कामामुळे झाला की काळाने झाला हे सांगता येणार नाही. उपचार कुणाला नाकारायचा नाही, म्हणून पायरीपायरीची रचना घेतोय: सगळे उपगट शेवटी नवीन पद्धतीवर येतील, पण एकेक करून, आणि कोण कधी हे चिठ्ठ्या टाकून ठरेल. ज्यांची पाळी यायची आहे ते तोपर्यंत तुलनेचा गट. संख्याशास्त्रज्ञ सरांना उपगटांची यादी पाठवली.

रुग्ण सल्लागार गटाने आराखड्यात एक प्रश्न वाढवायला सांगितलं आहे: उपचार थांबल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा, आणि त्या वेळी अडचण परत आलेली असेल तर नवी चिठ्ठी न मागता थेट आत घ्या. पहिला भाग आराखड्यात घातला. दुसऱ्यासाठी प्रवेशाचा नियम बदलावा लागेल. त्याचा मसुदा ताई आणि मी मिळून लिहितोय, २३ तारखेपर्यंत मॅडमकडे जाईल.